ताणजन्य मूत्र-असंयमावरील शस्त्रक्रिया (स्त्रियांमधील)

खोकला, शिंक, हसणे, जिना उतरणे, भरलेली कळशी उचलणे अशा क्रियांत पोटातील दाब एकदम वाढतो आणि लघवी निसटते; यालाच ताणजन्य मूत्र-असंयम म्हणतात. ही तक्रार व्यायामाने व इतर साध्या उपायांनी पुरेशी कमी झाली नाही, तर मूत्रमार्गाला आधार देणाऱ्या किंवा त्याचे तोंड घट्ट करणाऱ्या शस्त्रक्रिया करतात. आजार जीवघेणा नाही. पण त्यापायी लग्नकार्याला जाणे, एसटीचा लांबचा प्रवास, मंदिरात बसणे हळूहळू बंद करणाऱ्या आणि ‘वयानुसार असे व्हायचेच’ म्हणून गप्प राहणाऱ्या बायका फार आहेत. वयाची शिक्षा म्हणून हे सोसण्याचे काही कारण नाही.

स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी. लांबीचा असतो आणि तो योनीच्या पुढच्या भिंतीवर टेकलेला असतो. पाण्याची रबरी नळी फरशीवर ठेवून तिच्यावर पाय दिला की पाणी थांबते. चिखलात ठेवली तर नळी नुसती रुतते आणि पाणी वाहतच राहते. मूत्रमार्गाचेही तसेच आहे, असे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्ये मांडले. खालचा आधार पक्का असेल तर खोकल्याचा दाब मूत्रमार्गाला आपोआप मिटवतो. बाळंतपणात हा आधार ताणला किंवा फाटला जातो. पाळी गेल्यानंतर ऊती पातळ होतात, आणि लठ्ठपणा, जुना खोकला व बद्धकोष्ठता यांची भर पडते. काही स्त्रियांत आधार ठीक असूनही मूत्रमार्ग आवळून धरणारा स्नायूच दुबळा असतो. कोणती शस्त्रक्रिया निवडावी हे पुष्कळदा या फरकावर ठरते.

निदान अचूक असणे सर्वांत महत्त्वाचे. लघवीची घाई होऊन मोरीपर्यंत पोचायच्या आत ती सुटते, ती तक्रार वेगळी. तिचे मूळ मूत्राशयाच्या अनावर आकुंचनात असते आणि आधार देणाऱ्या शस्त्रक्रियेने ती बरी होत नाही, उलट वाढूही शकते. दिवसरात्र थेंब थेंब गळत असेल तर भगेंद्राची, म्हणजे मूत्राशय व योनी यांच्यात पडलेल्या छिद्राची शंका घ्यावी लागते. अंग बाहेर येणे हाही निराळा विकार. मात्र दोन्ही एकाच स्त्रीत असू शकतात. खाली उतरलेल्या अंगामुळे मूत्रमार्ग मुडपतो व गळती झाकली जाते, आणि अंग वर बसवल्यावर ती प्रथमच उघड होते. शस्त्रक्रियेआधी हे सांगितले नसेल तर ‘ऑपरेशनने नवाच त्रास दिला’ असे त्या बाईला वाटते, आणि त्यात तिचा दोष नसतो.

मूत्राशय भरलेले असताना खोकायला लावून गळती डोळ्यांनी पाहणे ही साधी तपासणी अजूनही मोलाची आहे. सोबत लघवीची तपासणी होते आणि लघवी केल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीवर मोजतात. मूत्राशयातील दाब मोजणारी युरोडायनॅमिक चाचणी प्रत्येकीला लागत नाही. गुंतागुंत नसलेल्या रुग्णांत ती केल्याने शस्त्रक्रियेचा निकाल सुधारत नाही, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. आधी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दोन्ही प्रकारच्या तक्रारी असतील, तर मात्र ती करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम निदान तीन महिने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली करावेत. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये ते रूढ केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात ४६० स्त्रियांची तुलना झाली : शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ९१ टक्के, तर व्यायामाच्या गटात ६४ टक्के स्त्रियांना वर्षभरात सुधारणा जाणवली. शस्त्रक्रिया सरस ठरते हे खरे, पण चिरफाड न करता इतक्या जणींना आराम पडतो हेही तितकेच खरे. पुढे मूल हवे असल्यास शस्त्रक्रिया सहसा लांबवतात.

जुन्या पद्धतींपैकी हॉवर्ड केली यांचा टाका सर्वांत प्रसिद्ध. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील केली यांनी १९१३-१४ च्या सुमारास योनीमार्गे मूत्राशयाच्या मानेखालची ऊती टाक्यांनी एकत्र आणण्याची पद्धत वर्णिली. सोपी असल्याने ती भारतातही रुजली आणि योनीमार्गे गर्भाशय काढताना जोडीने केली जाऊ लागली. तिचा गुण मात्र टिकत नाही. केवळ ताणजन्य गळतीसाठी ती करू नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात.

मार्शल, मार्केटी व क्रांझ यांनी १९४९ मध्ये पोटाकडून जाऊन मूत्रमार्गालगतची ऊती जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, आवरणाला टाक्यांनी टांगली. हाडाला सूज येण्याचा धोका असल्याने ही पद्धत मागे पडली. अमेरिकेतील नॅशव्हिलच्या जॉन बर्च यांनी १९६१ मध्ये तेच टाके जघनास्थीवरील कूपर बंधाला घेतले. तो बंध मजबूत असतो, टाका धरून ठेवतो. बर्च पद्धत कित्येक वर्षे प्रमाण मानली गेली, पुढे दुर्बिणीतूनही होऊ लागली, आणि कृत्रिम जाळी नको असलेल्या स्त्रियांसाठी आजही उपयोगी आहे. योनीची पुढची भिंत वर ओढली जात असल्याने काही वर्षांनी मागची भिंत खाली उतरू शकते, हे तिचे उणे.

स्वतःच्याच ऊतीची पट्टी मूत्रमार्गाखालून झोळीसारखी नेण्याची कल्पना त्याहून जुनी. जर्मनीत गोबेल यांनी १९१० मध्ये स्नायू वापरून ती केली होती. पोटाच्या सरळ स्नायूवरील आवरणाची पट्टी १९४२ मध्ये ऑल्ड्रिज यांनी वापरली आणि १९७८ मध्ये मॅग्वायर व लिटन यांनी तिला आजचे रूप दिले. ६५५ स्त्रियांवरील २००७ च्या चाचणीत दोन वर्षांनी ताणजन्य गळती थांबण्याचे प्रमाण या पट्टीने ६६ टक्के, तर बर्च पद्धतीने ४९ टक्के होते. पण पट्टीवाल्या स्त्रियांत मूत्रसंसर्ग आणि लघवी अडण्याचा त्रास जास्त होता. मूत्रमार्गाचा स्नायू दुबळा असल्यास किंवा आधीची शस्त्रक्रिया फसल्यास बहुतेक तज्ज्ञ हिच्याकडेच वळतात.

खरा पालट घडला तो स्वीडनमधील उप्साला येथे. उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी असे मांडले की, आधार मूत्राशयाच्या मानेला नव्हे, मूत्रमार्गाच्या मध्याला हवा, आणि तोही न ताणता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत सुमारे १ सेंमी. रुंदीची पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकच्या जाळीची टेप योनीतील लहानशा छेदातून जघनास्थीच्या मागून वर काढतात. मूळ पद्धतीत फक्त जागेवर भूल देत आणि टेबलावरच रुग्णाला खोकायला लावून टेप बेताची सैल ठेवत. सुई मूत्राशयातून गेली नाही ना, हे दुर्बिणीने पाहणे यात अनिवार्य असते. सुरुवातीच्या रुग्णांपैकी १७ वर्षांनी तपासलेल्या स्त्रियांत ९० टक्क्यांहून अधिक जणींची गळती थांबलेली होती. मूत्राशयाला इजा टळावी म्हणून फ्रान्सच्या देलोर्म यांनी २००१ मध्ये टेप जांघेकडून नेली. २००३ मध्ये बेल्जियमच्या द लेव्हाल यांनी ती उलट, योनीकडून जांघेकडे बाहेर काढली. ५९७ स्त्रियांवरील २०१० च्या चाचणीत वर्षभरानंतरचे यश जघनास्थीमागच्या टेपने ८०.८ टक्के व जांघेतल्या टेपने ७७.७ टक्के, म्हणजे जवळपास सारखे होते. पहिलीत लघवी अडणे अधिक, दुसरीत जांघेत व मांडीत दुखणे अधिक.

जाळीचा वाद येथे टाळता येणार नाही. टेप योनीत उघडी पडणे, समागमाच्या वेळी वेदना, सतत दुखणे, मूत्रमार्ग घासला जाणे या तक्रारी अनेक देशांतील स्त्रियांनी केल्या आणि बराच काळ त्यांचे कोणी ऐकले नाही. स्कॉटलंडने २०१४ मध्ये व इंग्लंडने जुलै २०१८ मध्ये या शस्त्रक्रियांना विराम दिला. ब्रिटनमधील बॅरोनेस कम्बरलेज यांच्या २०२० च्या अहवालाने रुग्णांच्या बोलण्याकडे झालेले दुर्लक्ष परखडपणे नोंदवले. अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये औषध प्रशासनाने बंद करायला लावली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गे बसवण्याची मोठी जाळी. गळतीवरील टेप तेथे चालू राहिली. या दोहोंत जाळीचे आकारमान आणि धोका यांचा मोठा फरक आहे. तरीही टेप कायमची असते आणि ऊतीत रुजल्यावर पूर्ण काढणे अवघड, कधी अशक्य असते. हे संमतीपत्रावरील सहीपूर्वी, रुग्णाच्या भाषेत आणि नवऱ्याला किंवा मुलाला नव्हे तर तिला स्वतःला सांगितले पाहिजे. जाळीविना असलेले पर्यायही त्याच बैठकीत मांडले पाहिजेत.

मूत्रमार्गाच्या भिंतीत भर घालणारे द्रव्य टोचून त्याचे तोंड अरुंद करणे हा सर्वांत सौम्य उपाय. सध्या पॉलिअॅक्रिलामाइड जेल वापरतात. गुण टेपपेक्षा कमी येतो आणि पुन्हा टोचावे लागू शकते; वृद्ध, आजारी किंवा मोठी भूल न झेपणाऱ्या स्त्रियांना ते सोयीचे. कृत्रिम मूत्रद्वार-स्नायू बसवणे स्त्रियांत क्वचितच केले जाते.

टेपनंतर बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. त्याआधी लघवीची नळी काढून लघवी मोकळी होते का ते पाहतात. लघवी अडलीच तर काही दिवस नळी ठेवतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर टेप सैल करतात किंवा कापतात. सुमारे सहा आठवडे जड उचलू नये आणि समागम टाळावा. आपल्याकडच्या घरांत ही विश्रांती बाईला सहज मिळत नाही. पाण्याच्या बादल्या आणि धुण्याचे पिळे चार दिवसांत पुन्हा हाती येतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी या सूचना घरातल्या इतरांनाही बसवून सांगाव्यात. ताप, लघवीत रक्त, मांडीत वाढते दुखणे किंवा लघवी न होणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.