औषध शोधणारा केमिस्ट आणि औषध करणारा केमिस्ट

सिंथेटिक ऑरगॅनिक (कार्बनी रेणू बनवण्याचं रसायनशास्त्र) शिकून औषधांत काम करायचंय म्हणणाऱ्याने आधी एक ठरवावं: मेडिसिनल (औषध शोधणारी केमिस्ट्री) की प्रोसेस (ते मोठ्या प्रमाणावर करणारी)? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. सुझुकी कपलिंग, म्हणजे दोन कार्बनी तुकडे जोडणारी रासायनिक क्रिया, इथेही, तिथेही.

मेडिसिनल केमिस्टला एक रेणू पुरत नाही, शेकडो लागतात. म्हणून तो रूट, म्हणजे रेणू बनवण्याच्या टप्प्यांचा मार्ग, असा आखतो की सांगाडा शेवटपर्यंत एकच राहावा आणि अखेरच्या स्टेपला निरनिराळे गट जोडता यावेत. इथे मिथाइल, तिथे फ्लोरिन. काही मिलिग्रॅम झाले की चाचणीला रवाना. यील्ड (जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्यापैकी प्रत्यक्ष हाती आलेला माल) ३० टक्केच मिळालं? चालतं. सिलिकाच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) चढवायचं, शुद्ध करायचं. रेणू पाण्यात विरघळेल का, यकृत त्याचा लगेच फडशा पाडेल का, ही त्याची खरी डोकेदुखी.

प्रोसेस केमिस्टकडे रेणू ठरूनच येतो, पण हवा असतो किलोंनी, टनांनी. दहा स्टेप्स, प्रत्येकीला ८० टक्के यील्ड, तरी शेवटी हाती जेमतेम ११ टक्के. मग स्टेप्स कमी करा, कॉलमऐवजी स्फटिकीकरण बसवा, चटकन पेट घेणारं डायइथाइल ईथर हटवा. सगळ्यात छळते ती उष्णता. ती बाहेर पडते भांड्याच्या पृष्ठभागातून, आणि भांडं त्याच आकारात हजारपट मोठं केलं तर पृष्ठभाग शंभरपटच वाढतो. बर्फात ठेवलेल्या छोट्या फ्लास्कमध्ये निमूट होणारी रिअ‍ॅक्शन रिअ‍ॅक्टरमध्ये हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून रिएजंट (क्रिया घडवणारा पदार्थ) तासन् तास हळूहळू सोडायचा. आणि तेवढा वेळ इंटरमीजिएट (मधल्या टप्प्यात तयार होणारा पदार्थ) टिकणार का, हे आणखी वेगळं लचांड.

मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिनचंच बघा. आधीच्या उत्पादन-पद्धतीत रोडियम कॅटॅलिस्ट (क्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) आणि उच्च दाबाचा हायड्रोजन लागायचा. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी मुद्दाम बदललेलं ट्रान्सअमिनेज एन्झाइम वापरून दोन्ही टाळले. २०१० मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. रेणू जसाच्या तसा, रूट नवा.

प्रोसेस म्हणजे दुय्यम काम, असा विद्यार्थ्यांत समज असतो. मला तो मुळीच पटत नाही. रसायनशास्त्राचा निव्वळ कस तिथेच जास्त लागतो, मेडिसिनलमध्ये निम्मं डोकं जीवशास्त्रात गुंतलेलं असतं. १९९८ मध्ये एचआयव्हीवरच्या रिटोनाविरचा कमी विरघळणारा स्फटिकप्रकार अचानक उगवला आणि कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. रेणूत एका अणूचाही फरक नव्हता; बदलला होता तो फक्त स्फटिक, आणि तो सांभाळणं प्रोसेसचंच काम.