‘पुण्यनगरी’वरून पुणे? आधी साल बघा

पेशव्यांनी शहराला ‘पुण्यनगरी’ म्हटलं आणि त्यातूनच ‘पुणे’ आलं, असं अनेकजण ठामपणे सांगतात. सालच जुळत नाही हो! शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे परगणा होताच. आणि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा तळेगावचा ताम्रपट तर शके ६९० चा, म्हणजे इ.स. ७६८ चा. त्यात या मुलखाला ‘पूनक विषय’ म्हटलंय; विषय म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. हा ताम्रपट मला फार मोलाचा वाटतो, कारण गावाचं नाव पेशवाईपेक्षा हजारभर वर्षांनी जुनं आहे, हे तो थेट दाखवतो. ‘पुण्यनगरी’ हे प्रेमाचं नाव; ते खुशाल वापरावं.