चोर सोडून अ‍ॅप्टला फाशी

उबुंटू किंवा डेबियन लिनक्सच्या टर्मिनलमध्ये अ‍ॅप्टने, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजं नेटवरून आणून बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, काहीतरी इन्स्टॉल करायला घेतलं आणि "टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग" अशी ओळ आली की पहिली दहा मिनिटं बहुतेक जण अ‍ॅप्टलाच शिव्या घालतात. मीही घातल्यात, एकदा तर अख्खी सोर्सेस लिस्ट (पॅकेजं कुठून आणायची त्याची यादी) उडवून नवीन टाकली, दोन वेळा रीबूट मारला, आणि तासाभराने कळलं की घरचा राउटर झोपलाय. अ‍ॅप्ट बिचारं पहिल्यापासून खरंच सांगत होतं, मीच ती ओळ नीट वाचली नव्हती. तिचा अर्थ एवढाच असतो की सर्व्हरचं नाव माहितीये पण त्या नावाचा नंबर कुणी सांगत नाहीये. पॅकेजचा आणि ह्या एररचा काही संबंध नाही.

नेटवर कॉम्प्युटर एकमेकांना नंबरने ओळखतात, नावं आपल्या सोयीसाठी. सुरुवातीच्या काळात सगळ्या मशीनची नावं आणि नंबर एकाच टेक्स्ट फाइलमध्ये असायचे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती सांभाळली जायची आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मशीन वाढल्यावर हे झेपेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएस, म्हणजे नाव दिलं की नंबर सांगणारी व्यवस्था, मांडलं. त्या जुन्या फाइलचं नातवंड तुमच्या मशीनवर अजून आहे, ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाइल, आणि बहुतेक ठिकाणी डीएनएसला विचारायच्या आधी तिच्यातच बघितलं जातं. म्हणून कधी एकच साइट उघडत नसेल आणि बाकी सगळं मस्त चालू असेल तर ती फाइल आधी बघा, वर्षभरापूर्वी टेस्टिंगसाठी आपणच टाकलेली एखादी ओळ तिथे गुपचूप बसलेली सापडते.

आता चोर पकडायचा कसा, तर पिंग मारून, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर येतंय का ते बघून. हे पिंगसुद्धा १९८३ चंच, डिसेंबरमध्ये माइक म्यूसने लिहिलं, नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. आधी नंबरला पिंग मारा, म्हणजे १.१.१.१ किंवा ८.८.८.८, आणि मग एखाद्या नावाला. नंबरला उत्तर येतंय पण नावाला येत नाही, म्हणजे लाइन ठीक आहे, डीएनएस मेलंय. दोन्हीला नाही आलं तर गडबड त्याच्याही खालची. एका मिनिटात अर्धं जंगल साफ. (काही ऑफिसांच्या नेटवर्कवर पिंगच ब्लॉक असतं, तिथे हा खेळ फसतो, ते डोक्यात ठेवायचं.)

डीएनएस मेलंय असं ठरलं की लोक रिझॉल्व्ह कॉन्फ फाइल (डीएनएस सर्व्हरचा पत्ता लिहिलेली) उघडतात, त्यात १२७.०.०.५३ दिसतं आणि घाबरतात, हा कुठला सर्व्हर म्हणून. तो तुमचाच कॉम्प्युटर आहे. १२७ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे स्वतःच, आणि तिथे सिस्टमडी रिझॉल्व्हडी नावाचा मधला माणूस बसलेला असतो जो प्रश्न पुढे पाठवतो. खरा सर्व्हर कुठला ते बघायला रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस मारा. ती फाइल हाताने बदलून काही फायदा नाही, थोड्या वेळाने सिस्टम परत स्वतःचं लिहून टाकते आणि तुम्ही म्हणता की काल तर चाललं होतं!

"पण ब्राउझर तर चालतोय की" हे वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय. चालू शकतो, कारण ब्राउझर डीएनएसचे प्रश्न सिस्टमला न विचारता एचटीटीपीएसमधून थेट बाहेर पाठवू शकतो, मग सिस्टमचं डीएनएस बंद असलं तरी त्याला त्याची खबरही नसते. प्रॉक्सीचंही (नेटला जाताना मधे लागणारा सर्व्हर) तसंच, तुम्ही टर्मिनलमध्ये प्रॉक्सी सेट केलेली असते, पण सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावलं की ते सेटिंग साधारणपणे मागेच राहतं आणि अ‍ॅप्ट प्रॉक्सीशिवाय धडपडत बसतं. अ‍ॅप्टच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी टाकली की सुटतं.

नंबरलाही पिंग जात नसेल तर तुमच्या मशीनचा नंबर, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की राउटरने पत्ता दिलाच नाही, मशीनने आपला आपण एक घेतलाय. पत्ता नीट असेल तर आयपी राउट मारा आणि डिफॉल्टची ओळ आहे का बघा, ती नसेल तर पॅकेटला (नेटवर डेटा ज्या तुकड्यांत जातो त्यातला एक तुकडा) घराबाहेर पडायचा दरवाजाच माहीत नाही.

आता माझा आवडता त्रास, ज्याने मला एकदा दोन दिवस फिरवलं. पिंग जातंय, नावं सापडतायत, अ‍ॅप्ट अपडेट सुरू होतं आणि कुठल्यातरी टक्क्यावर जाऊन गप्प बसतं, एरर नाही काही नाही, नुसतं गप्प. इथे पॅकेटच्या मापाचा घोळ असू शकतो. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये साधारण १५०० बाइट मावतात, पण मध्ये पीपीपीओई (काही ब्रॉडबँड कंपन्यांची जोडणीची पद्धत) असेल तर त्यातले ८ तोच खातो, उरले १४९२, आणि व्हीपीएन असेल तर अजून कमी. वाटेतल्या राउटरने खरं तर उलट निरोप द्यायला पाहिजे की बाबा माप मोठं आहे, लहान करून पाठव. पण कुणीतरी अतिहुशार फायरवॉलमध्ये असे सगळे निरोप अडवून ठेवलेले असतात, मग लहान पॅकेटं सुखरूप जातात आणि मोठी वाटेत गायब होतात, आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत बसतो. साधा पिंग छोटा असतो म्हणून तो नेहमी "सगळं ठीक" म्हणतो. म्हणून पिंगला सांगायचं की तुकडे करू नको आणि आकार १४७२ ठेव. १४७२ का, तर वर २० बाइट आयपीचे आणि ८ पिंगचे स्वतःचे, बेरीज बरोब्बर १५००. हा अडकला आणि १४६४ वाला गेला तर तुमचं माप १४९२ आहे. नेटवर्क कार्डचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचं सगळ्यात मोठं माप, तेवढा करा, अडकलेलं डाउनलोड धावायला लागतं. मला तरी त्या दिवशी नाचावंसं वाटलं होतं.

लाइन ठीक, नाव ठीक, तरी अ‍ॅप्ट नाही म्हणतंय, मग घड्याळ बघा. हसू नका. रेपोमध्ये (पॅकेजं ठेवलेलं कोठार) एक सही केलेली फाइल असते, तिच्यात पॅकेजच्या याद्यांचे हॅश (फाइलचा बोटाचा ठसा म्हणावा असा आकडा) असतात, याद्यांमध्ये प्रत्येक पॅकेजचा हॅश, अशी साखळी असते, म्हणूनच मिरर (रेपोची नक्कल ठेवणारा सर्व्हर) कुणाचाही असला तरी मधल्या मधे कुणी पॅकेज बदलून दिलं तर पकडलं जातं. त्या फाइलवर तारीख असते. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की मशीन चालू करताना घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग अ‍ॅप्ट म्हणतं की ही फाइल अजून व्हॅलिड झालेलीच नाही, म्हणजे त्याच्या हिशोबाने ती भविष्यातून आलीये. टाइमडेटसीटीएल मारा, वेळ दुरुस्त करा, झालं.

ह्याच साखळीमुळे अजून एक गंमत होते. लॉजच्या वायफायवर अ‍ॅप्ट अपडेट मारलं की "नोस्प्लिट" असलं काहीतरी विचित्र येतं आणि पुढे चक्क प्रश्न असतो की नेटवर्कला लॉगिन लागतंय का. लागतंच असतं! अ‍ॅप्टने रेपोची फाइल मागितली आणि वायफायने तिच्या जागी लॉगिनचं पान हातात ठेवलं. एरर मेसेज लिहिणाऱ्याला त्या प्रश्नासाठी माझा नमस्कार.

खुद्द पॅकेजच्या भानगडी त्यामानाने सोप्या. ४०४ आलं तर बहुतेक वेळा तुमची यादी जुनी झालेली असते, अपडेट मारून परत बघायचं, तरी आलं तर तुमचं व्हर्जनच निवृत्त झालंय का बघा, उबुंटूच्या मधल्या व्हर्जनना ९ महिन्यांचाच सपोर्ट असतो आणि नंतर त्यांचा मुक्काम ओल्ड रिलीजेसच्या सर्व्हरवर हलतो. डिपेंडन्सीचा (एका पॅकेजला चालायला दुसरं लागतं त्याचा) गुंता झाला तर अलीकडे जोडलेला बाहेरचा रेपो काढून बघा, आणि अ‍ॅप्टवर फार चिडू नका, कोणती पॅकेजं एकत्र नांदतील हे शोधणं गणिताच्या भाषेत एनपी कम्प्लीट आहे, सुडोकूच्या जातीचं कोडं.

एका गोष्टीवर मात्र मी भांडतो. "लॉक मिळत नाही" आलं की लॉक फाइल डिलीट करा असा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. ती फाइल तिथे कायमच असते, खरं लॉक कर्नल (लिनक्सचा गाभा) धरून ठेवतो, म्हणजे दुसरं कुणीतरी आत्ता खरंच काम करतंय, बऱ्याचदा मागे आपोआप चालणारं सिक्युरिटी अपडेट. फाइल उडवलीत तर दोघे एकाच वेळी पॅकेजच्या डेटाबेसमध्ये हात घालतील. चहा घेऊन या. मधेच लाइट गेली असेल तर पॅकेज उघडलेलं पण कॉन्फिगर न झालेलं अर्धवट राहतं, त्याला डीपीकेजी कॉन्फिगर ऑल हे औषध, आणि तेही अडलं तर डीएफ (डिस्क किती भरलीये ते सांगणारी कमांड) मारून बूट पार्टिशन जुन्या कर्नलनी भरलंय का ते बघा.

आणि नवीन मशीनवर वायफायच दिसत नाही, वायफायचं फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारं सॉफ्टवेअर) पॅकेज नेटवर, आणि नेट वायफायवर, असं झालं तर? डेबियनने २०२३ मध्ये १२ व्या व्हर्जनपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, त्यामुळे हे आता कमी झालंय. तरी अडकलात तर फोन यूएसबी केबलने जोडा आणि टेदरिंग चालू करा, लिनक्सला तो साधं वायरवालं नेटवर्क कार्ड वाटतो. फर्मवेअर टाका, रीबूट करा, आणि वायफाय दिसलं तरी केबल काढून एकदा अ‍ॅप्ट अपडेट मारून बघा, कारण केबल लावलेली असताना नेट नक्की कुठून येतंय ते कळत नाही.