कॅराव्हॅनची वीजजोडणी (गोवा)

कॅराव्हॅन किंवा मोटारहोम मुक्कामी थांबल्यावर तिला त्या जागेच्या वीजपुरवठ्याशी केबलने जोडण्याच्या पद्धतीस कॅराव्हॅनची वीजजोडणी म्हणतात. अशा वाहनात विजेच्या दोन व्यवस्था असतात. दिवे, पाण्याचा पंप आणि लहान पंखे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. एसी, किटली, इंडक्शन शेगडी यांना मात्र २३० व्होल्टचा पुरवठा लागतो. जोडणी झाली की वाहनातील चार्जर बॅटरीही भरू लागतो.

युरोपातील तळांवर वाहनाच्या जागेलगत निळ्या रंगाचे, तीन पिनांचे गोल सॉकेट असलेली पेटी असते आणि तिची क्षमता बहुधा १६ अँपिअरपर्यंत असते. उत्तर अमेरिकेत १२० व्होल्टची ३० अँपिअरची किंवा १२०/२४० व्होल्टची ५० अँपिअरची जोडणी रूढ आहे. तेथील वारंवारता ६० हर्ट्झ आणि आपली ५० हर्ट्झ असल्यामुळे तिकडचे वाहन येथे नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर पूर्णपणे निभावत नाही. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोठेही उतरले, तरी अशी खास पेटी मिळेलच याची खात्री नसते. वाहन एखाद्या गेस्ट हाऊसच्या आवारात किंवा माडांच्या बागेत उभे राहते आणि वीज घराच्या पडवीतल्या बोर्डवरून घ्यावी लागते. त्या बोर्डवर भारतीय मानकाचे ६ किंवा १६ अँपिअरचे सॉकेट असते. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३,६८० वॅट, तर ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम १,३८० वॅट भार घेता येतो. एक टनाचा एसी हजार-बाराशे वॅट घेतो, इंडक्शन शेगडी दोन हजारांपर्यंत जाते. त्यात किटली लावली की मोठे सॉकेटही अपुरे पडते. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये बसवून देणारे कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतात. त्यांनी प्लग बसतो, पण सॉकेटची आणि त्यामागच्या वायरची क्षमता वाढत नाही.

प्लगचा प्रश्न अशा रीतीने डोळ्यांना दिसतो; अर्थिंगचा, म्हणजे गळतीची वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा, दिसत नाही, आणि गोव्यात खरी अडचण तीच आहे. रबरी टायरांवर उभे असलेले वाहन जमिनीपासून जवळजवळ विलग असते. आत कोठे फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर पत्र्याला टेकली आणि अर्थची वायर तुटलेली असली, तर सारा पत्रा जिवंत होतो आणि आत बसलेल्याला काहीच जाणवत नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून जो दाराची कडी धरतो, त्याच्या अंगातून प्रवाह जमिनीत उतरतो. कडीला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तो दोष किरकोळ समजू नये; बोर्डवरचे बटण ताबडतोब बंद करावे. गोव्याच्या बऱ्याच भागात जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात भिजतो, पण एप्रिल-मे महिन्यांत पाणी धरत नाही, आणि मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा नियमित पाणी घातल्याशिवाय उन्हाळ्यात निकामी होऊ शकतो. किनाऱ्यावर वरची वाळू कोरडी असते, आणि खाऱ्या हवेने जोड गंजतात. म्हणून वाहनात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) असावाच; अर्थिंग तुटलेले असतानाही प्रवाह माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो.

वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहतात. बल्ब पूर्ण प्रकाशला, तर अर्थची वायर निदान जोडलेली आहे एवढे कळते. तो निस्तेज जळला, तर अर्थिंगवर विसंबू नये. वाटेत आरसीसीबी असेल, तर बल्ब लागण्याऐवजी तोच पुरवठा तोडतो. त्यावरून अर्थची वायर जोडलेली आहे एवढेच समजते, ती किती चांगली आहे ते नाही. फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली आहे का, हेही टेस्टरने तपासावे : अर्थची मोठी पिन वर असताना समोरून पाहिल्यास उजव्या छिद्रात फेज असावी. ती डावीकडे असली, तर वाहनातील एकच तार तोडणारे बटण बंद केल्यावरही उपकरणात फेज उरते.

जोडताना आतील सर्व भार बंद ठेवून केबल आधी वाहनाला आणि मग बोर्डला लावतात; सोडवताना क्रम उलटा असतो, म्हणजे जिवंत टोक गवतात पडून राहत नाही. केबल २.५ चौरस मिलिमीटरची, रबरी आवरणाची असावी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली असावी, कारण गुंडाळलेल्या केबलमधील उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळू लागते. पुरवठा सुरू केल्यावर आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहावे आणि मगच एकेक उपकरण चालू करावे.

व्होल्टेजची चाल निराळीच असते. वस्तीच्या टोकाला, लाइनच्या शेवटी, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी दाब उतरतो आणि कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढून तापतो. माडाची झावळ तारेवर पडून न्यूट्रल तुटली, तर उलट घडते : एकफेजी घरात ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो आणि वाहनातले सारे इलेक्ट्रॉनिक्स एकदम जळते. यासाठी कमी-जास्त दाबाला पुरवठा तोडणारे उपकरण बसवतात. नुसता स्टॅबिलायझर इतकी उडी सोसत नाही. विजा कडाडू लागल्या की केबल काढून ठेवून बॅटरीवर राहावे, आणि जून ते सप्टेंबर या काळात प्लग-सॉकेटचा जोड जमिनीवर न टेकवता, झाकणासह, उंच ठेवावा.