गर्भाचं व्यक्तित्व

पोटातल्या गर्भाला 'व्यक्ती' मानायचं का आणि मानायचं तर कधीपासून, हा नीतिशास्त्र, धर्म आणि कायदा तिन्हीकडे चालत आलेला वाद. इथे व्यक्तित्व म्हणजे व्यक्तिमत्त्व नव्हे, तर ज्याचा जीव घेतला तर खून ठरतो असा दर्जा.

बहुतेक भांडणं सुरुवातीलाच भरकटतात, कारण विचारतात "जीव कधी येतो" आणि उत्तर चिकटवतात दुसऱ्याच प्रश्नाला. फलित बीज जिवंत आहे, माणसाचंच आहे, यावर वाद नाहीच. वाद आहे तो त्याला तुमच्याआमच्याइतका हक्क कधी मिळतो याचा, आणि ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही.

तरी रेघ शोधली जातेच. ॲरिस्टॉटलने मुलासाठी ४० दिवस आणि मुलीसाठी ९० सांगितले होते, इस्लामी परंपरेत बऱ्याच ठिकाणी १२० दिवस धरतात. आजची सगळ्यात विचार करायला लावणारी रेघ १४ दिवसांची: फलनानंतर साधारण तेवढ्या दिवसांनी भ्रूणावर एक बारीक पट्टी उमटते, शरीराची डावी-उजवी बाजू तिच्यावरून लागते, आणि तोवर त्याच भ्रूणाची जुळी होऊ शकतात. मग जे एक की दोन हेच अजून ठरलेलं नाही त्याला एक व्यक्ती कसं म्हणायचं? ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये भ्रूण-संशोधनाची मर्यादा इथेच घातली आणि १९९० च्या कायद्यात ती आली. आईबाहेर जगू शकण्याची रेघ साधारण २२ ते २४ आठवड्यांची, पण ती मशिनं सुधारली की मागे सरकते, आणि जवळ चांगलं हॉस्पिटल आहे म्हणून तोच गर्भ व्यक्ती ठरतो हे मला तरी पटत नाही.

तत्त्वज्ञांत मेरी ॲन वॉरन यांनी १९७३ मध्ये जाणीव, विचार, संवाद, स्वतःचं भान असे निकष मांडले, त्यात गर्भ बसत नाही, पण नुकतं जन्मलेलं मूलही बसत नाही आणि हीच त्यातली मोठी अडचण. डॉन मार्क्विस यांचं १९८९ चं म्हणणं वेगळं, मारणं वाईट कारण त्याने पुढचं सगळं आयुष्य हिरावलं जातं, आणि ते आयुष्य गर्भापुढेही आहेच. ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी तर १९७१ मध्येच मुद्दा फिरवला होता: समजा तुम्ही जागे झालात आणि एक आजारी व्हायोलिनवादक तुमच्या किडन्यांना जोडलेला आहे, नऊ महिने तसंच पडून राहिलात तर तो वाचेल. तो शंभर टक्के व्यक्ती आहे, तरी तुमचं शरीर वापरायचा हक्क त्याला आपोआप मिळतो का? म्हणजे व्यक्तित्वाचा निकाल लागला तरी बाईच्या शरीराचा प्रश्न उरतोच, आणि हे वादात फार पटकन विसरलं जातं.

शब्दांतही हा ताण दिसतो. रिपोर्टवर 'भ्रूण' लिहिलेलं असतं, पण सहाव्या आठवड्यात गर्भ पडला तर ज्यांना मूल हवं होतं ते 'बाळ गेलं' म्हणून रडतात, आणि त्या दुःखाला कुठलाही निकष लावता येत नाही.

कायदे एकसारखे नाहीत. आयर्लंडने १९८३ मध्ये गर्भाचा जगण्याचा हक्क राज्यघटनेत घातला आणि २०१८ च्या सार्वमताने काढला. अमेरिकेत अलाबामाच्या सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कायद्यापुरते गोठवलेले भ्रूणही मुलंच धरले, लगेच तिथल्या काही आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फलित करणाऱ्या) क्लिनिकनी काम थांबवलं, मग मार्चमध्ये क्लिनिकना संरक्षण देणारा कायदा झाला, पण भ्रूण व्यक्ती आहे की नाही हे त्यातही ठरवलेलं नाही.