रंजकाच्या रेणूची ठेवण आणि प्रकाशशोषण

सेंद्रिय रंजकाचा, म्हणजे रंग देणाऱ्या कार्बनी पदार्थाचा, रेणू कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो, हे त्यात कोणते अणू आहेत एवढ्यावरून ठरत नाही. ते कसे जोडले आहेत आणि रेणू सपाट आहे की पिळलेला, यावर रंग अवलंबून असतो.

एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक आले की इलेक्ट्रॉन एका बंधात अडकून न राहता साखळीभर पसरतात. साखळी लांब झाली की त्यांना वरच्या ऊर्जापातळीवर जायला कमी ऊर्जा लागते आणि शोषण अतिनील भागातून निळ्या, हिरव्या, तांबड्या प्रकाशाकडे सरकते. सायनिन या रंजकांच्या गटात साखळीत एक दुहेरी बंध वाढला तर शोषण सुमारे १०० नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे जाते. मात्र नुसती लांबी पुरत नाही. शेजारच्या अणूंवरचे कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉन वावरतात ते भाग, समांतर असतील तरच इलेक्ट्रॉन पसरतात. मधला एकेरी बंध पिळला की साखळी असूनही तुटल्यासारखी होते.

याचे सगळ्यात चांगले उदाहरण सांगलीच्या मार्केट यार्डात पोत्यांनी येते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा पिवळेपणा मुख्यतः करक्युमिनचा. १८१५ मध्ये हा पदार्थ वेगळा काढला गेला. त्याची रचना कळायला १९१० साल उजाडले. दोन टोकांना दोन बेंझिन वलये आणि मध्ये सात कार्बनांची साखळी अशी ती आहे. साखळीच्या मध्यावरचा हायड्रोजन दोन ऑक्सिजनांमध्ये धरला गेला, म्हणजे रेणू ईनॉल रूपात असला, की मधला भाग सपाट होतो आणि दोन्ही टोके इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने एक होतात. अल्कोहोलमधल्या द्रावणात हेच रूप जास्त असते. ते ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश शोषते, म्हणून डोळ्याला पिवळे दिसते. कीटो रूपात मधल्या कार्बनवर दोन हायड्रोजन येतात, दोन अर्धे वेगळे पडतात आणि शोषण अतिनीलकडे परतते. साखळीतल्या दोन्ही दुहेरी बंधांना हायड्रोजन जोडून केलेले टेट्राहायड्रोकरक्युमिन तर रंगहीन असते. वलये तीच, ऑक्सिजन तेवढेच, पण पूल काढून टाकलेला.

साबण लागला की कपड्यावरचा हळदीचा डाग लाल होतो, हे घरोघरी पाहिलेले असते. अल्कलीने रेणूतील हायड्रॉक्सिल गटांचा हायड्रोजन निघतो, ऑक्सिजनवरचा ऋण भार साखळीत पसरतो आणि शोषण हिरव्याच्या दिशेने सरकते. आम्ल लावले की रंग पुन्हा पिवळा होतो. हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून कुंकू करण्याच्या जुन्या रीतीत मात्र आणखी मोठा बदल घडतो. टाकणखारातला बोरॉन करक्युमिनच्या मधल्या दोन ऑक्सिजनांना पकडतो आणि तो भाग घट्ट बांधला जातो. आम्लात तयार होणाऱ्या रोसोसायनिन या गडद लाल संयुगात एका बोरॉनभोवती दोन करक्युमिन रेणू असतात, तेही एकमेकांना जवळजवळ काटकोनात. पाणी आणि माती यांतला बोरॉन मोजण्याची करक्युमिन पद्धत यावरच उभी आहे. तिथे शोषण ५४० नॅनोमीटरला वाचतात.

ठेवण बदलून रंग बदलण्याची इतर उदाहरणे पुष्कळ आहेत. आम्लात फिनॉल्फ्थॅलिन या आम्ल-अल्कली दर्शकाचा मधला कार्बन चार एकेरी बंधांनी धरलेला असल्याने तिन्ही वलये एकमेकांपासून तुटलेली राहतात. अल्कलीत तो सपाट होतो आणि गुलाबी रंग येतो. दोन नायट्रोजनांनी जोडलेल्या दोन वलयांचे अ‍ॅझोबेंझिन विपक्ष रूपात (वलये विरुद्ध बाजूंना) सपाट, तर समपक्ष रूपात (वलये एकाच बाजूला) पिळलेले असते, आणि प्रकाशानेच एकातून दुसऱ्यात जाते.

शोषलेला प्रकाश रेणूला मोडूही शकतो. उन्हात करक्युमिनची साखळी तुटून व्हॅनिलिन, फेरुलिक आम्ल असे आखूड, रंगहीन तुकडे उरतात. म्हणून डाग उन्हात विरतो. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे साठवणीच्या खड्ड्यांत, हळद साठवत. त्या अंधारात रंगाला निदान उजेडाचा धोका नव्हता. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली.