वायफाय मंदावलंय? प्लॅन वाढवण्याआधी चॅनल बघा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवसभर नेट व्यवस्थित चालतं आणि रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकायला लागतो, ही तक्रार नाशिकमधल्या सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा दाट वस्तीतून आमच्याकडे सतत येते. सोबत मागणीही ठरलेली असते: प्लॅन वाढवून द्या. आम्ही मात्र आधी लॅपटॉपला थेट केबल लावून स्पीड बघतो. केबलवर पूर्ण स्पीड मिळत असेल, तर महागडा प्लॅन घेऊन काहीही फरक पडणार नाही. अडचण राउटर आणि मोबाइल यांच्यामधल्या हवेत आहे: शेजाऱ्यांचे राउटरही त्याच लहरींवर बोलत असतात.

वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं, आणि चॅनल म्हणजे पट्ट्यातली राउटरने बोलायची ठरावीक जागा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल वापरता येतात. पण शेजारच्या दोन चॅनलमध्ये अंतर असतं फक्त ५ मेगाहर्ट्झचं, आणि राउटरचा सिग्नल जागा घेतो सुमारे २० ते २२ मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच उरतात: १, ६ आणि ११.

इथेच बहुतेकांचं चुकतं. हे तिन्ही भरलेले दिसले की ३ किंवा ८ रिकामा आहे असं समजून लोक तिकडे जातात. कृपया असं करू नका. एकाच चॅनलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात, थांबतात आणि आळीपाळीने डेटा पाठवतात. वेग वाटला जातो, पण काम चालतं. तुम्ही ३ वर बसलात, तर १ आणि ६ वाल्यांना तुमचा सिग्नल कळतच नाही, नुसता गोंगाट वाटतो. डेटा बिघडतो, परत पाठवावा लागतो. नुकसान तुमचंही आणि शेजाऱ्यांचंही.

अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं कुठलंही अॅप घ्या. नेट जिथे बसून वापरता तिथे, आणि जेव्हा अडकतं त्याच वेळी उघडा. पडद्यावर प्रत्येक राउटरची एक कमान दिसेल. कमानी मोजू नका, त्यांची उंची, म्हणजे सिग्नलची ताकद बघा. ती उणे आकड्यात दिसते; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. चॅनल १ वर उणे ५० चे दोन राउटर असतील आणि ११ वर उणे ८५ चे पाच, तर ११ घ्या. उणे ८५ म्हणजे लांबून येणारा अगदी क्षीण सिग्नल.

राउटरखालच्या स्टिकरवर सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तिथे चॅनल बदलताना ‘चॅनल विड्थ’ही, म्हणजे सिग्नल किती मेगाहर्ट्झ जागा घेतो तेही बघा. २.४ वर ती २० च ठेवा. ४० ठेवली की एकच राउटर जवळपास अर्धा पट्टा अडवतो. १२ आणि १३ काही उपकरणांना दिसतच नाहीत, म्हणून ते आम्ही लावत नाही. ‘ऑटो’वरही फार विसंबू नका. बरेच राउटर फक्त सुरू होताना चॅनल निवडतात, आणि लाइट जाऊन आली की अख्ख्या बिल्डिंगचे राउटर एकदमच सुरू होतात.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे याच पट्ट्यात चालतो आणि वायफायमध्ये गोंगाट करतो. राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला असेल तर आधी तो हलवा.

फ्लॅटमध्ये खरा आराम ५ गिगाहर्ट्झ देतो. तिथे चॅनल भरपूर आहेत. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी घ्या. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. तिथे जाताना राउटरला निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं आणि रडार आढळलं तर चॅनल सोडावा लागतो. नेट मध्येच तुटतं ते असंही. २.४ मात्र बंद करू नका, बरेचसे कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब त्याच्यावरच चालतात.

पंचवटी किंवा रविवार कारंज्याकडच्या जुन्या वाड्यांची गोष्ट वेगळी. तिथल्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झ एका खोलीतच दमतं. अशा घरात आम्ही केबल ओढून दुसरा राउटर बसवायला सांगतो, एक राउटर चॅनल १ वर आणि दुसरा चॅनल ११ वर. केबलशिवाय चालणारा साधा रिपीटर स्वस्त पडतो, पण तोच डेटा पुन्हा हवेत सोडत असल्याने वेग साधारण निम्मा करतो.

चॅनल बदलल्यावर दोन-तीन रात्री वापरून बघा. तरीही अडकत असेल तर अॅपचा रात्रीचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवा, चॅनल आम्ही सुचवू. केबल लावूनही स्पीड कमी येत असेल तर यातलं काहीच करू नका, सरळ फोन करा. तो दोष लाइनचा आहे आणि तो काढणं आमचं काम आहे.